पेशंट सोलापूरला न्यायचाय? आधी रेशनकार्ड उघडून बघा

सोमवारी सकाळी सोलापूरच्या सिव्हिलमधल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे सरकारी मोफत उपचार योजनेची नोंद करणाऱ्या माणसाच्या, खिडकीपुढं तासभर उभं राहिलं की सगळं कळतं. म्हातारी स्ट्रेचरवर. पोरगा प्लॅस्टिकच्या पिशवीतून रेशनकार्ड काढतो, त्यासोबत एसटीची तिकिटं, सोसायटीच्या पावत्या आणि एक जुना एक्स-रे बाहेर पडतो. खिडकीतून प्रश्न येतो, "आईचं नाव कुठाय ह्यात?" पोरगा कार्ड उलटं-सुलटं करतो. नाव नसतंच. वेगळं कार्ड काढताना आईचं नाव थोरल्या भावाच्या कार्डात राहिलं, भाऊ कुरकुंभला कंपनीत, आणि कार्ड त्याच्या ट्रंकेत.

मी मोहोळ तालुक्यातला. गावात कुणाला सोलापूरला हलवायचं झालं की फोन मला येतो. डॉक्टर नाही मी, त्यामुळं औषध-गोळीचं डॉक्टरांवर सोडतो. पण कुठली खिडकी आधी, कुठला कागद आधी, हे पाय झिजवून शिकलोय. योजना नाकारली गेलेले जे पेशंट मी पाहिले, त्यांतल्या बहुतेकांचा फक्त क्रम चुकला होता: आधी भरती, मग पैसे, मग कार्डाची आठवण. खाली जो क्रम दिलाय तो तसाच पाळा.

१. घरात कुणी आजारी नसताना करायचं काम

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त पेशंट इथंच अडकतात, म्हणून इथं जास्त वेळ घालवू.

आपल्याकडं जुनी माणसं अजून "राजीव गांधी योजना" किंवा "जीवनदायी" म्हणतात. २०१२ साली ती पहिल्यांदा ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं, त्यामुळं ते नाव तोंडात बसलं. आता तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, आणि तिला केंद्राची आयुष्मान भारत योजना जोडलेली आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. पिवळं, केशरी आणि आता पांढरंसुद्धा रेशनकार्ड चालतं. "आमचं पांढरं हाय, आमाला कुठलं मिळतंय" म्हणत पाच-पाच लाख घालवलेली बागायतदार घरं मी बघितली आहेत.

आज संध्याकाळी जेवणं झाल्यावर सगळ्यांची आधारकार्डं आणि रेशनकार्ड एका चटईवर मांडा. मग एकेक नाव जुळवा.

पहिली गोष्ट, प्रत्येकाचं नाव रेशनकार्डात आहे का. सर्वांत जास्त सुटतात त्या सुना. लग्नाला सहा वर्षं झाली, दोन लेकरं झाली, तरी नाव माहेरच्या कार्डात. इथं क्रम असा: आधी माहेरच्या तहसीलच्या पुरवठा शाखेतून नाव कमी करून घ्यायचं, तो नाव कमी केल्याचा दाखला घ्यायचा, मग सासरच्या तहसीलला तो जोडून नाव वाढवायचं. उलट केलं तर अर्ज परत येतो, कारण आधार नंबर आधीच दुसऱ्या कार्डाला लागलेला दिसतो. माहेर इंदापूरला आणि सासर सांगोल्याला असेल तर यात दोन-तीन चकरा होतात. पण त्या चकरा आत्ता झालेल्या बऱ्या. अपेंडिक्स फुटल्यावर त्या घालायला वेळ नसतो.

दुसरी, नावाचं स्पेलिंग. रेशनकार्डावर "बाळू", आधारवर "बाळासाहेब". कार्डावर "लक्ष्मी", आधारवर "लक्ष्मीबाई". आपल्याला एकच माणूस दिसतो, संगणकाला दोन दिसतात. आधारवरचं नाव बरोबर धरून रेशनकार्ड दुरुस्त करून घ्या, कारण पुढं सगळी ओळख आधारवरच होते.

तिसरी, रेशनकार्डाचा १२ आकडी ऑनलाइन नंबर. जुन्या कार्डावर तो लिहिलेला नसतो. रेशन दुकानदाराच्या मशीनमध्ये दिसतो. विचारून कार्डाच्या आतल्या पानावर पेनानं लिहून ठेवा. कुटुंबाची केवायसीही त्याच दुकानात होते. ती राहिली असेल तर तिथंच उरका.

चौथी, आधारला लागलेला मोबाईल. ऊसतोडीला गेलेल्या माणसाचा नंबर दरवर्षी बदलतो. ओटीपी बंद पडलेल्या सिमवर जातो आणि खिडकीतला माणूस म्हणतो, "आला का?" कुठला येतोय. आधार केंद्रावर जाऊन चालू नंबर लावा. विड्या वळून किंवा खुरपून ज्यांच्या बोटांचे ठसे घासलेत, त्या बायकांच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचं, कारण अंगठा मशीनवर उमटतच नाही.

हे सगळं जुळलं की आयुष्मान कार्ड काढा: आशाताईंकडं, रेशन दुकानात किंवा सेवा केंद्रावर. आजी-आजोबा ७० च्या पुढं असतील तर त्यांचं वय वंदना कार्ड वेगळं निघतं. त्याला उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतं, आणि घरातल्या ७० च्या पुढच्या माणसांसाठी ५ लाखांचं संरक्षण वेगळं मिळतं. हे अजून निम्म्या गावाला माहीत नाही.

> तपासा: घरातल्या प्रत्येकासाठी तीन प्रश्न. रेशनकार्डात नाव आहे? आधारशी अक्षर न् अक्षर जुळतं? आधारला चालू मोबाईल आहे? तिन्हीला "होय" आलं नाही त्या माणसाचं काम बाकी आहे.

नवीन जन्मलेल्या बाळाचं नाव कार्डात नसलं तरी उपचार अडत नाहीत. जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांसोबतचा बाळाचा फोटो लागतो.

२. कुठल्या दारात जायचं ते ठरवा

ताप आला की थेट सोलापूर, ही आपली सवय. तिथं त्या दिवशी पाचशे माणसं असतात आणि गोळ्या गावातल्याच मिळतात.

गावातलं उपकेंद्र म्हणजे आता आयुष्मान आरोग्य मंदिर. तिथं समुदाय आरोग्य अधिकारी असतात, बीपी आणि शुगर तपासतात, आणि ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलणं करून देतात. त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, साधारण तीस हजार लोकसंख्येमागं एक. मग ग्रामीण रुग्णालय, मग पंढरपूरसारखं उपजिल्हा रुग्णालय. सगळ्यात शेवटी सिव्हिल, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, वैशंपायन मेडिकल कॉलेजला जोडलेलं.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत. सिव्हिल मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येतं. त्यामुळं "तालुक्याला फुकट आणि इथं पैसे कसं काय?" म्हणून काउंटरवर भांडण काढू नका. खाती वेगळी आहेत, समोरच्या क्लार्कच्या हातात काही नाही.

आरोग्य केंद्रातून वर पाठवताना रेफर चिठ्ठी मागून घ्या. आपोआप मिळेल असं धरू नका. तिच्यावर चार गोष्टी आहेत का बघा: आजाराचा अंदाज, बीपी-नाडी, दिलेली इंजेक्शनं, आणि ती किती वाजता दिली. वेळ नसेल लिहिली तर तिथंच लिहून घ्या. वरचा डॉक्टर सगळ्यात आधी तीच शोधतो.

करमाळ्याचं माणूस पुण्याकडं, सांगोल्याचं मिरजेकडं, अक्कलकोटचं कलबुर्गीकडं धावतं. करमाळ्याहून सोलापूर शंभर किलोमीटरहून जास्त, त्यामुळं त्यात चूक काही नाही. फुले योजना राज्यातल्या कुठल्याही अंगीकृत, म्हणजे योजनेत घेतलेल्या, दवाखान्यात चालते. पण सीमा ओलांडून कर्नाटकात जाणार असाल तर तिथं आपलं कार्ड चालेलच असं धरून निघू नका. १५५३८८ वर फोन करून त्या दवाखान्याचं नाव सांगून विचारा, मग गाडी काढा.

३. तातडी असेल तर कागद विसरा

इथं क्रम पूर्ण बदलतो. पहिल्यांदा माणूस, कागद नंतर.

१०८ फिरवलं की कॉल पुण्यातल्या नियंत्रण कक्षात जातो. समोरच्याला तुमचं गाव माहीत नसतं. "पाटलांच्या वस्तीच्या खाली, कॅनॉलजवळ" याचा त्याला काही उपयोग नाही. असं सांगा: जिल्हा सोलापूर, तालुका हा, गाव हे, मोठा रस्ता कुठला, त्या रस्त्यावरचा फाटा कुठला. वडगाव, पिंपरी असली नावं जिथं तिथं असतात, म्हणून तालुका आधी. मग पेशंटचं वय, काय झालं, शुद्धीत आहे का, श्वास चालू आहे का. फोन ठेवल्यावर तो मोकळा ठेवा. गावातले दहा जण "काय झालं" विचारायला त्याच नंबरवर फोन करतात आणि ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर लाइनवर ताटकळतो.

एक पोरगा मोटरसायकल घेऊन फाट्यावर पाठवा, रात्री असेल तर बॅटरीसकट. आमच्याकडं गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या वस्तीच्या रस्त्यावर उभ्या असतात. गेल्या वर्षी एकदा ॲम्ब्युलन्स फाट्यावर येऊन थांबली आणि पुढं दोन ट्रॉल्या आडव्या. शेवटी बाजेवर घालून चौघांनी पेशंट फाट्यापर्यंत आणला. पोरगा आधी गेला असता तर ट्रॉल्या हलल्या असत्या.

साप चावला तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, मांत्रिकाकडं जायचं नाही. हात किंवा पाय हलू द्यायचा नाही. अंगठ्या, बांगड्या, जोडवी लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. चावल्याची वेळ लिहा. निघण्याआधी जवळच्या केंद्रात फोन करून विचारा: लस आहे का, डॉक्टर आहेत का. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. त्या नादात आणखी एकाला चावतो.

अर्धांगाचा झटका, म्हणजे तोंड वाकडं, एक हात लुळा, बोबडं बोलणं, यात घड्याळ महत्त्वाचं. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सिटीस्कॅन लागतं. त्यामुळं जिथं सिटीस्कॅन नाही तिथं सलाईन लावून "सकाळी बघू" म्हणत बसू नका. "शेवटचं नीट कधी बोलले?" हा प्रश्न हमखास विचारतील. त्याचं उत्तर घरच्यांनी ठरवून ठेवा, नाहीतर दवाखान्यात तीन जण तीन वेळा सांगतात.

कुत्रं चावलं तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा, मग लस. आरोग्य केंद्रात ती कातडीत देतात: ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर लसीसोबत जखमेत टोचायचं वेगळं औषध लागतं. ते सगळीकडं नसतं, म्हणून विचारा. शेवटचा डोस लोक हटकून चुकवतात, कारण तोवर जखम भरलेली असते.

> थांबा: तातडीत भरती झाल्यावरही योजना मिळते, पण "आम्ही योजनेतून येतोय" हे भरतीच्या वेळीच सांगायला लागतं. फोनवरून तातडीची मंजुरी घ्यायची सोय आरोग्यमित्राकडं असते. कागद मागून आणले तरी चालतात, सांगणं मात्र आधी झालं पाहिजे.

४. बाळंतपणाचा रस्ता वेगळा

यासाठी १०२. गरोदर बाई आणि आजारी तान्ह्या बाळासाठी ही गाडी आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि घरी सोडणं मोफत.

चूक होते ती माहेरपणाची. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते आणि माता बाल संरक्षण कार्ड सासरच्या कपाटात राहतं. कार्ड तिच्या पिशवीतच पाहिजे. माहेरी पोचल्या पोचल्या तिथल्या आशाताईला भेटून नोंद करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून गरोदर मातांची खास तपासणी असते, ती चुकवू नका. जोखमीचं बाळंतपण आहे असं त्या तपासणीत सांगितलं असेल तर कुठं न्यायचं ते आठव्या महिन्यातच ठरवून ठेवा. आषाढीच्या आठवड्यात तारीख येत असेल तर पंढरपूरकडचे रस्ते धरू नका.

५. आदल्या रात्रीची पिशवी

एक जाड प्लॅस्टिकची फाईल घ्या. त्यात मूळ रेशनकार्ड, पेशंटचं आधार, आयुष्मान कार्ड, चार पासपोर्ट फोटो, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणं लावा, नवीन वर. चालू गोळ्यांची नावं लिहून नेऊ नका, गोळ्यांची पाकिटंच न्या. "ती पांढरी, बारकी गोळी" यावरून कुणालाही काही कळत नाही.

दोन माणसं सोबत पाहिजेत. एक पेशंटपाशी बसणारं, एक खिडक्या फिरणारं. फिरणाऱ्याला वाचता आलं पाहिजे आणि त्याच्या फोनला बॅलन्स पाहिजे. गावातली सात माणसं जीप भरून नेण्यात अर्थ नाही. सगळी पारावर बसल्यासारखी पायऱ्यांवर बसतात आणि रक्ताची बाटली आणायच्या वेळी एकही सापडत नाही. पेशंट कानडी किंवा तेलुगूच बोलणारा असेल तर ती भाषा येणारं माणूस त्याच्यापाशी ठेवा. पोटात कुठं दुखतंय हे सुनेनं सांगणं आणि आजीनं स्वतः सांगणं यात फरक पडतो.

उपाशीपोटी तपासणी लागेल का हे आरोग्य केंद्रात विचारून ठेवा. पेशंट एसटी स्टँडवर वडापाव खाऊन येतो आणि अख्खा दिवस वाया जातो. शुगरच्या पेशंटला मात्र स्वतःच्या मनानं उपाशी नेऊ नका.

६. सिव्हिलमधला पहिला दिवस

पहिल्या एसटीनं या. स्टँडवरून सिव्हिल चौक म्हटलं की रिक्षावाला आणून सोडतो. केसपेपर, मग ओपीडी, मग तपासण्या, मग रिपोर्ट घेऊन परत त्याच डॉक्टरांकडं. ही शेवटची पायरी त्याच दिवशी झाली पाहिजे. रिपोर्ट हातात आला की माणसं घरी निघतात, आणि आठ दिवसांनी परत आली की डॉक्टर दुसरे.

मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात प्रत्येक विभागात युनिटं, म्हणजे डॉक्टरांचे गट, असतात आणि प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला असतो. पहिल्या दिवशी डॉक्टर उठायच्या आत विचारा, "युनिट कुठलं? वार कुठला?" आणि केसपेपरवर वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहा. पुढच्या वेळी त्याच वारी यायचं. बुधवारच्या युनिटचा पेशंट शुक्रवारी आला तर नवीन डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करतात, आणि घरी येऊन आपण सांगतो की सिव्हिलमध्ये नीट बघत नाहीत.

भरती करायची म्हटलं की वॉर्डात जायच्या आधी आरोग्यमित्राच्या खिडकीवर जा. सरकारी दवाखाना आहे म्हणून योजनेची नोंद नको, असं समजू नका. महागडी शस्त्रक्रिया, हाडात घालायची प्लेट, असलं काही लागणार असेल तर नोंद असलेली बरी.

७. खाजगी दवाखान्यात योजनेतून: आधी खिडकी, मग काउंटर

माझ्या चुलत्यांना छातीत दुखायला लागलं तेव्हा आम्ही रात्री अकराला एका खाजगी दवाखान्यात गेलो. काउंटरवर वीस हजार भरायला सांगितले, आम्ही भरले. सकाळी चुलतभाऊ कार्ड घेऊन आला. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "रात्री कॅशचा पेशंट म्हणून घेतलाय, आता योजनेत बसत नाही." तेव्हा मला नियम ठाऊक नव्हते आणि आम्ही गुमान बिल भरलं. ते वीस हजार मी अजून विसरलेलो नाही. त्यानंतर मी जो क्रम पाळतो तो असा.

निघण्याआधी १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर फोन. दोन प्रश्न: हा दवाखाना योजनेत आहे का, आणि *या आजारासाठी* आहे का. दुसरा प्रश्न कुणीच विचारत नाही. दवाखाना हाडांसाठी योजनेत असतो आणि हृदयासाठी नसतो. दारावर योजनेचा मोठा बोर्ड असतो, आणि बोर्ड खोटाही नसतो.

दारात गेल्यावर आरोग्यमित्र. अंगीकृत दवाखान्यात तो असतोच. त्याला कार्ड आणि आधार द्या. तो ओळख पटवतो, पेशंटचा फोटो घेतो, नोंद करतो. नोंदीचा नंबर मागून घ्या आणि फोनमध्ये त्याचा फोटो काढा. पुढं कुठंही तक्रार करायची तर हाच नंबर विचारतात.

मग तपासण्या होतात आणि दवाखाना मंजुरीसाठी कागद वर पाठवतो. मंजुरीला साधारण २४ तास धरा. या काळात माणसं घाबरी होतात. "मंजुरी येईल न येईल, तुम्ही आत्ता पैसे भरा, आली की परत करू" असं कुणी म्हटलं तर भरण्याआधी आरोग्यमित्राला समोर बोलवा आणि त्याच्यापुढं तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावा. निम्म्या वेळा ते वाक्य पुन्हा म्हटलंच जात नाही.

मंजुरी अडली तर "नाकारलं" आणि "शंका काढली" यातला फरक विचारा. शंका म्हणजे एखादा रिपोर्ट किंवा फोटो कमी आहे, तो जोडला की काम पुढं सरकतं. लोक शंकेलाच नकार समजून पेशंट उचलून दुसरीकडं नेतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू करतात.

काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी दवाखान्यांसाठी राखून ठेवल्या आहेत. तुमची त्यांतली असेल तर खाजगी दवाखान्यानं "योजनेत होणार नाही" म्हणणं बरोबर आहे. वाद घालत बसू नका, सिव्हिलला जा.

> थांबा: पैसे मागितले गेले आणि भरावेच लागले, तर पावती घ्या. पावतीशिवाय तक्रारीला पाय नसतात. तक्रार पेशंट भरती असतानाच करा, हेल्पलाइनवर नोंदीचा नंबर सांगून. घरी आल्यावर पंधरा दिवसांनी केलेली तक्रार फार पुढं जाताना मी पाहिलेली नाही.

८. योजनेत बसलंच नाही तर

दोन दरवाजे आहेत. एक, धर्मादाय दवाखाने. सार्वजनिक न्यासाखाली चालणाऱ्या अशा दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. भरतीच्या वेळीच समाजसेवा अधिकाऱ्याला भेटून अर्ज द्या. खाट नाही म्हणाले तर सोलापुरातल्या धर्मादाय कार्यालयात जा.

दुसरा, मुख्यमंत्री सहायता निधी. यात दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड आणि पेशंटचा भरती असतानाचा, ठिकाण दिसणारा फोटो लागतो. पैसे दवाखान्याच्या खात्यात जातात, तुमच्या नाही. सुट्टी झाल्यावर अर्ज करून उपयोग नाही.

दोन्हीकडं उत्पन्नाचा दाखला लागतो, तो एका दिवसात मिळत नाही. घरात मोठा आजार आहे हे कळलं त्याच दिवशी सेवा केंद्रात त्याचा अर्ज टाका, लागो न लागो.

९. सुट्टी आणि घरी आल्यावर

सुट्टीच्या वेळी घाई असते. संध्याकाळची एसटी गाठायची असते. दवाखाना एक कागद पुढं करतो आणि "इथं सही करा" म्हणतो. वाचा. उपचार मोफत मिळाले, समाधानी आहे, असं त्यावर असतं. तुम्ही पैसे भरले असतील तर तसं त्यावर लिहा, मग सही. कोऱ्या कागदावर अंगठा नको. म्हाताऱ्या माणसाला एकटं सोडून कुणी चहाला गेलेलं असतं, तेवढ्यात अंगठा उमटतो.

सुट्टीनंतर १० दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधं योजनेच्या पॅकेजमध्येच धरलेली असतात. "औषधं बाहेरून घ्या" म्हटलं तर याची आठवण करून द्या. घरी परतायचं एसटीचं भाडंही त्यात येतं. रक्कम लहान आहे, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स उपकेंद्रात नेऊन द्या. टाके काढायला, ड्रेसिंगला, बीपीच्या गोळ्यांना दर आठवड्याला सोलापूर गाठायची गरज नाही. मूळ कार्ड फाईलमध्ये, सगळ्यात वर.

तक्रार करायची असेल तर योग्य दारात करा. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्राबद्दल तालुका आरोग्य अधिकारी, त्यावर जिल्हा परिषदेत जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयाबद्दल जिल्हा शल्यचिकित्सक. सिव्हिलबद्दल अधिष्ठाता, म्हणजे मेडिकल कॉलेजचे डीन. आरोग्य केंद्राची तक्रार अधिष्ठात्यांकडं नेली तर ते तुम्हाला झेडपीचा रस्ता दाखवतात, आणि त्यात एक दिवस जातो. १०४ वर फोनही करता येतो, पण लेखी अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घेतलेली असेल तर पुढच्या वेळी बोलायला जोर येतो. पोच म्हणजे शिक्का, तारीख आणि सही. नुसतं "ठेवा तिकडं" म्हटलं तर अर्ज परत उचला, आणि शिक्का मारणारा येईपर्यंत बाकावर बसा.